बाभळीचा कांटा आणि वेगवान चाक

सकाळीं सात-साडेसातच्या सुमारास शाळेच्या फाटकाशीं उभें राहिलें, म्हणजे हल्लीं एक नवी गोष्ट दृष्टीस पडते. मागें कॅरिअर व पुढें टोपली असलेल्या काळ्या, भरभक्कम सायकली आतां थोड्याच उरल्या असून त्यांच्या जागीं वांकड्या दांड्याच्या, हलक्या सांगाड्याच्या, शर्यतीच्या घाटणीच्या सायकली येऊं लागल्या आहेत. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून नांवाजलेल्या आमच्या पुण्यांत मुलें पुन्हां सायकलीकडे वळत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट होय. सायकल घ्यावयाची ठरली कीं कित्येक पालक आम्हांस येऊन विचारतात, "सर, गियर किती असावेत? सांगाडा ॲल्युमिनियमचा घ्यावा कीं कार्बनचा? ब्रेक कोणत्या जातीचे चांगले?" आम्ही यथाशक्ति उत्तर देतों. परंतु टायर कोणता घ्यावा, हा प्रश्न आजपर्यंत एकाही पालकानें आम्हांस आपण होऊन विचारलेला नाहीं. टायर दुकानदारानें लावून दिलेला असतो, आणि फाटेपर्यंत तो तसाच राहतो.

वस्तुतः सायकलीचा भूमीशीं संबंध येतो तो टायरांच्या द्वारें. सत्तर किलोग्रॅमांचा भार घेऊन धांवणारी सायकल अंगठ्याच्या ठशाहून थोड्याशाच मोठ्या अशा रबराच्या दोन तुकड्यांवर तोललेली असते. ब्रेक कितीही उत्तम असला तरी तो चाक थांबवितो. सायकल थांबविणें हें त्या दोन तुकड्यांचें काम आहे.

या टायरांविषयीं मुलांचा एक पंथ आहे व पालकांचा दुसरा. मुलांस वाटतें, टायर जितका बारीक आणि हवा भरून जितका दगडासारखा टणक, तितकी सायकल वेगवान. पालकांस वाटतें, टायर जितका जाड आणि जड, तितकी आपली काळजी कमी. आमच्या मतें दोन्ही पंथ चुकलेले आहेत. पहिला वेगाच्या नांवाखालीं वेगच गमावतो आणि दुसरा सुरक्षिततेच्या पायीं सायकलच गमावून बसतो. हें मत आम्हीं ग्रंथांतून कमी व स्वतःच्या फजितींतून अधिक मिळविलें आहे, हें आरंभींच कबूल करतों.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आमच्या आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीस तिच्या वडिलांनीं अशीच एक हलकी सायकल घेऊन दिली. घर शाळेपासून सात किलोमीटर दूर. जूनच्या पहिल्या आठवड्यांत ती घंटेच्या आधीं वीस मिनिटें येऊन पोंचे, आणि चेहरा असा कीं जणूं शर्यत जिंकून आली आहे. पुढें पावसानें जोर धरला आणि आठ दिवसांत दोनदां पंक्चर झालें. दुसऱ्या वेळीं सायंकाळ होती, सरी कोसळत होत्या, दुकान सांपडेना. मुलगी सायकल हातीं धरून चालत चालत दीड तास उशिरा घरीं पोंचली. त्या दीड तासांत तिच्या आईची काय अवस्था झाली असेल, हें आमच्या वाचकांपैकीं आईबापांना सांगावयास नको. दुधानें तोंड भाजलें कीं मनुष्य ताकही फुंकून पितो. वडिलांनीं पुढच्याच आठवड्यांत कधींही पंक्चर न होणारे, आंत हवाच नसलेले भरीव टायर बसवून घेतले.

पंक्चर खरोखरच बंद झालें. मात्र दिवाळीच्या सुटीनंतर ती मुलगी बसनें येऊं लागली. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाली, "सर, ती सायकल आतां ओढवत नाहीं. हातांना मुंग्या येतात." पुढें एका पालकसभेंत तिचे वडील भेटले. सायकल कोपऱ्यांत धूळ खात पडली आहे, याचें त्यांना वाईट वाटत होतें, पण ते म्हणाले, "सर, रस्त्यांत चाक बंद पडण्यापेक्षां घरांत सायकल बंद पडलेली बरी." त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नंतर पुष्कळ सुचलें, तें येथें लिहीत आहों.

पंक्चर कधींच होत नाहीं असें चाक मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवितो त्या लोखंडी धांवेला बाभळीच्या कांट्याची कसली भीति? पहिल्या सायकलींसही लोखंडी धांवच असे. मागाहून भरीव रबर आलें. त्या यंत्रांवर बसून दगडी रस्त्यानें जाणाऱ्याचीं हाडें इतकीं खिळखिळीं होत कीं इंग्रजांनीं त्यांना नांवही तसेंच दिलें होतें. रॉबर्ट विल्यम टॉम्सन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें होतें, पण त्याचा शोध लोक विसरून गेले. पुढें बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबरी नळी गुंडाळून तींत हवा भरली, आणि १८८८ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम नांवाच्या स्वारानें त्याच शहरांत या फुगीर टायरांवर बसून शर्यती जिंकल्या. आमच्या पालकबंधूंनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं मुलाचे धक्के कमी व्हावेत म्हणून एका बापानें केलेली ही युक्ति होती, आणि तीच पुढें वेगाच्या कामीं आली. भरीव टायर बसविणें म्हणजे डनलॉपच्या मागें जाऊन पुन्हां हाडें खिळखिळीं करून घेणें होय. रोगापेक्षां औषध भयंकर म्हणतात तें हेंच.

आतां हवेच्या टायरांतही मंद व वेगवान असे भेद कां पडतात, तें पाहूं. रबरी चेंडू छातीइतक्या उंचीवरून सोडा. तो उसळून पुन्हां छातीपर्यंत येत नाहीं. जमिनीवर चपटा होतांना त्यानें जी शक्ति घेतली, तींतील कांहीं भाग तो उष्णतेच्या रूपानें स्वतःच खाऊन टाकतो. टायराचेंही असेंच आहे. जमिनीला टेकलेला त्याचा भाग चपटा होतो व पुढें सरकतांच पुन्हां गोल होतो. शर्यतीच्या सायकलीचें चाक एका किलोमीटरास सुमारें ४७० वेळां फिरतें. म्हणजे टायराचा प्रत्येक भाग तितक्या वेळां दबतो आणि तितक्या वेळां उठतो, आणि दर खेपेस स्वाराच्या पायांतील शक्तीवर थोडी थोडी जकात घेतो. रबर जाड व ताठर असलें कीं जकात जास्त. पातळ व लवचीक असलें कीं कमी. वरून दिसतें तें रबर म्हणजे नुसती साल. तिच्या आंत धाग्यांचें कापड असतें व टायराचा खरा गुण त्या कापडांत असतो. धागे जाडेभरडे व विरळ असतील तर टायर गोणपाटासारखा ताठ राहतो. बारीक व दाट असतील तर धोतराच्या पोतासारखा मऊ पडतो. दर इंचांत किती धागे, हा आंकडा बहुतेक कारखानदार देतात. स्वस्त टायरांत तो तिसाच्या आसपास, चांगल्यांत साठाहून शंभरापर्यंत किंवा अधिकही असतो. कोणी तीन थरांचे धागे एकत्र मोजून तीनशेंच्या वर आंकडा छापतात, तेव्हां नुसत्या आंकड्यावर भुलूं नये. टायर हातांत घेऊन दोन बोटांनीं चिमटून पाहावा. बोटांना पुष्कळ कळतें.

दहावीच्या विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब वहींत अवश्य करून पाहावा. स्वार व सायकल मिळून ७५ किलोग्रॅम, रस्ता सपाट, वारा नाहीं, वेग ताशीं २५ किलोमीटर असें धरूं. उत्तम लवचीक टायराचा घरंगळण्याचा रोध भाराच्या ०.००४ पट धरला, तर त्यावर मात करण्यास सुमारें २० वॅट शक्ति लागते. जाड चिलखती टायराचा रोध ०.००८ पट धरला, तर ४० वॅट. हवेला बाजूस सारण्यास दोघांनाही सुमारें ७० वॅट लागतील. आतां ज्याच्या पायांत एकंदर ९० वॅटच आहेत, अशा मुलानें चिलखती टायर लावला तर त्याचा वेग ताशीं तेवीस किलोमीटरांच्याही किंचित् खालीं येतो, आणि चाळीस किलोमीटरांच्या फेरीस त्याला सुमारें नऊ मिनिटें जास्त लागतात. सरावलेल्या हातास पंक्चर झालेली ट्यूब बदलावयास दहा मिनिटें पुरतात. म्हणजे पंक्चर टाळण्याकरितां अति जाड टायर लावणारा मनुष्य, पंक्चर होवो वा न होवो, दर फेरीस जवळ जवळ एका पंक्चराइतका वेळ आगाऊ भरीत असतो!

हा हिशेब आम्हांस फार आवडला होता. तो त्या वडिलांना दाखवावा असेंही मनांत आलें. पण वेळींच लक्षांत आलें कीं त्यांचें दुःख मिनिटांत मोजण्याजोगें नव्हतें. अंधार, पाऊस आणि एकटी मुलगी असतां पंक्चर झालें, तर त्याची किंमत दहा मिनिटें नव्हे. तेव्हां कांटा अडविणारें कांहीं तरी टायरांत हवेंच. तें किती हवें, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर रस्त्यावर काय पडलेलें असतें यावर अवलंबून आहे.

आमच्या बाजूच्या रस्त्यांचे शत्रु ठरलेले आहेत. पहिला सराटा. पावसाळा संपला कीं रस्त्याच्या कडेचें हें लोळणारें झुडूप वाळतें व त्याचीं कांटेरी फळें सर्वत्र पसरतात. तीं कशींही पडलीं तरी एखादा कांटा आकाशाकडे तोंड करून उभा असतोच. अनवाणी चालणाऱ्यास हें सांगावयास नको. दुसरी बाभूळ, आणि तिची परदेशांतून आलेली थोरली बहीण वेडी बाभूळ. शेताच्या कुंपणासाठीं कांट्यांचे फेस वाहून नेतांना त्यांतील फांद्या रस्त्यावर गळतात. तिसरा शत्रु नवा आहे व तो डोळ्यांस दिसत नाहीं: मालमोटारींचे टायर फुटले म्हणजे त्यांतून केसासारख्या बारीक पोलादी तारा निघतात, त्या हमरस्त्याच्या कडेला पडून राहतात. फुटक्या बाटल्यांच्या कांचा चौथ्या. पावसांत या कांचांचा जाच वाढतो, कारण ओलें रबर कोरड्या रबराहून सहज कापलें जातें, आणि वाहतें पाणी सारा कचरा कडेला आणून सोडतें. यांपैकीं पुष्कळशा वस्तु टायरांत प्रथम नुसत्या टोंचून बसतात. पंक्चर तत्काळ होत नाहीं. पुढें चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्या हातोडीनें ठोकल्यासारख्या आंत आंत जातात. म्हणून घरीं आल्यावर चाक हातानें सावकाश फिरवून जें टोंचलेलें दिसेल तें उपटून टाकणें, हा पंक्चर टाळण्याचा फुकट उपाय आहे. आमच्या अनुभवानें अर्धें काम त्यानेंच होतें. रस्त्याच्या अगदीं कडेनें, जेथें सगळा केर सांचतो तेथून न जातां, त्यापासून हातभर आंत राहणें, हा दुसरा.

टायरांतील संरक्षण दोन प्रकारचें असतें. एक म्हणजे वरच्या रबराखालीं घातलेला चिवट धाग्यांचा पातळ पट्टा. १९६५ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनींत स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें जो शोध लावला, त्यांतून केव्लार हा प्रसिद्ध धागा निघाला. तोच किंवा त्याच्या जातीचे धागे पुष्कळ टायरांत असतात. कॉंटिनेंटल ही जर्मन कंपनी आपल्या शर्यतीच्या टायरांत व्हेक्ट्रान नांवाच्या धाग्याचा पट्टा घालते. १९९७ सालीं मंगळावर पाथफाइंडर यान उतरलें तें ज्या हवेच्या उशांवर आदळून उसळलें, त्या उशा याच व्हेक्ट्रानच्या होत्या. मंगळावरचे दगड सोसणारा धागा सासवडच्या रस्त्यावर उपयोगीं पडतो, ही गोष्ट आमच्या विज्ञानमंडळाच्या विद्यार्थ्यांस आवडेल. संरक्षणाचा दुसरा प्रकार म्हणजे जाड रबराचा थर. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरांत तो सुमारें पांच मिलिमीटर जाडीचा असतो. सामान लादून शेंकडों मैलांच्या यात्रेस निघालेल्या प्रवाशास तो योग्यच आहे. शाळेच्या दप्तरास मात्र तो फार होतो. शिवाय बाभळीचा जून कांटा बोटाएवढा लांब असतो. सरळ उभा घुसला तर पांच मिलिमीटरांचा थरही त्याला पुरा पडेल असें नाहीं. सराटा व तार यांना मात्र चिवट पट्टाही बहुधा थोपवून धरतो.

आतां मुलांच्या पंथाकडे वळूं. बारीक व टणक टायर वेगवान, ही समजूत सर्वस्वीं निराधार नव्हती. प्रयोगशाळेंत गुळगुळीत लोखंडी पिंपावर चाक फिरवून पाहिलें तर हवा वाढवावी तसा रोध कमी होत जातो. परंतु आमचे रस्ते पिंपासारखे नाहींत. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, आणि तो धक्का स्वाराच्या हाडामांसांत जिरतो. त्यांत पायांची शक्तीच वायां जाते. हें कळल्यावर मोठमोठ्या शर्यतींतील स्वारांनीं २३ मिलिमीटरांचे टायर सोडून २५ चे घेतले, मग २८ चे. आणि आज टूर द फ्रान्समध्यें २८ किंवा त्याहूनही रुंद टायर सर्रास दिसतात. जगांतील अत्यंत वेगवान माणसें रुंद टायर व कमी हवा पसंत करीत असतां आमच्या नववींतील मुलांनीं १२० पौंड हवा भरून दांत वाजवीत शाळेंत यावें, हें आश्चर्य नव्हे काय? पन्नास-साठ किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्यास २८ मिलिमीटरांच्या टायरांत मागें पासष्ट व पुढें साठ पौंडांच्या आसपास हवा पुरते. टायराच्या बाजूस छापलेला मोठा आंकडा ही मर्यादा असते. तो गांठलाच पाहिजे असें नाहीं. मात्र हवा याहून फारच कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमच्या दोन काठांत चिमटून साप डसल्यासारखीं दोन भोंकें पडतात, हेंही ध्यानांत असावें. हवा अंगठ्यानें दाबून कळत नाहीं; आंकडा दाखविणारा पंप घरीं असावा आणि आठवड्यांतून एकदां तरी तो वापरावा.

दुकानांत जातांना एक घोटाळा टाळावा. जुन्या काळ्या सायकलीस "अठ्ठावीसचा टायर" म्हणतात, तो अठ्ठावीस इंचांचा. नव्या सायकलीच्या टायरावर "७०० × २८" असें असतें, तो अठ्ठावीस मिलिमीटर रुंद. एक दुसऱ्यास बसत नाहीं. टायरावर "२८-६२२" असा बारीक आंकडाही असतो. त्यांतील ६२२ आपल्या जुन्या टायरावर असेल तरच नवा घ्यावा. सांगाड्यांत व ब्रेकांत तितक्या रुंदीस जागा आहे कीं नाहीं, हेंही आधीं पाहावें. कांहीं जुन्या शर्यतीच्या सायकलींत पंचविसाच्या वर टायर जात नाहीं.

तर मग घ्यावा कोणता? अतिशय हलका, खास शर्यतीच्या दिवसापुरता असा नको, आणि चिलखतीही नको. या दोहोंच्या मधला, लवचीक कापडाचा, वरच्या रबराखालीं चिवट पट्टा असलेला, जमल्यास बाजूही मजबूत केलेला, असा २८ मिलिमीटरांचा टायर आमच्या मुलांस योग्य आहे. अनेक कंपन्या "बारमाही" किंवा "सरावाचा" या नांवानें असे टायर करतात. कॉंटिनेंटलचा ग्रां प्री फोर सीझन हें त्याचें एक उदाहरण. असे टायर महाग असतात हें खरें. पण सांगाडा थोडा स्वस्त घेऊन उरलेले पैसे टायरांत घालावेत, असा आमचा आग्रह आहे, आणि या मतावर आमच्याच सहकाऱ्यांनीं आमच्याशीं वाद घातलेला आहे. टायरावर नक्षी हवी, नाहीं तर पावसांत घसरेल, ही भीति व्यर्थ आहे. मोटारीचा रुंद टायर पाण्यावर तरंगूं लागतो तसा सायकलीचा अरुंद टायर तरंगावयास ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेग लागेल. डांबरी रस्त्यावर पकड रबराच्या जातीवर अवलंबून असते, नक्षीवर नाहीं. ट्यूबशिवाय चालणारे, आंत चीक घातलेले टायर उत्तम असतात व लहान भोंकें आपोआप बुजवितात. परंतु आमच्या उन्हाळ्यांत तो चीक लवकर वाळतो, दर दोन-तीन महिन्यांनीं नवा घालावा लागतो, आणि मोठें छिद्र पडलें तर सारा चीक कपड्यांवर येतो. ज्या घरांत कोणास या कामाची हौस आहे त्यांनीं तो मार्ग खुशाल धरावा. इतरांस साधी ट्यूब बरी.

मागच्या चाकावर भार जास्त असतो. तें लवकर झिजतें व तेथेंच पंक्चरही अधिक होतात. म्हणून पुष्कळजण पुढचा व मागचा टायर आपसांत बदलतात. तसें करूं नये. मागचें चाक एकाएकीं बसलें तर सायकल सांवरतां येते. पुढचें बसलें तर बहुधा मनुष्य पडतो. नवा टायर नेहमीं पुढें लावावा, पुढचा मागें न्यावा, आणि मागचा टाकून द्यावा.

इतकें केल्यावरही पंक्चर होणारच. तें झाल्यावर काय करावयाचें, याचें उत्तर फ्रान्सांतील मिशेलिन बंधूंनीं फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. डनलॉपचा टायर तेव्हां चाकास चिकटविलेला असे आणि तो दुरुस्त करण्यांत तास न् तास जात. मिशेलिन बंधूंनीं काढतां-घालतां येणारा टायर केला. १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याच्या सुमारें बाराशें किलोमीटरांच्या शर्यतींत तोच टायर वापरणारा शार्ल तेराँ एकाहत्तर तासांवर कांहीं मिनिटांत पहिला आला. पुढच्या वर्षीं त्या बंधूंनीं पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी स्वतःच शर्यत भरविली आणि वाटेंत मुद्दाम खिळे पेरले! टायरास भोंक पडणारच, पण तें मिनिटांत बुजवितां येतें, हें त्यांना जगास दाखवावयाचें होतें. आम्ही खिळे पेरण्याची शिफारस करीत नाहीं. त्यांचा विचार मात्र आम्हांस पटतो.

म्हणून त्या वर्षींच्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं शाळेच्या व्हरांड्यांत पंक्चर काढण्याचा वर्ग सुरू केला आणि त्या मुलीच्या वडिलांस मुलीसह येण्याची विनंती केली. ते आले, पहिल्या दिवशीं बाकावर बसून नुसते पाहत राहिले. तिसऱ्या दिवशीं बाह्या वर करून स्वतःच टायर उतरवूं लागले. भरीव टायर निघाले, २८ चे बसले. खोगिराखालच्या लहान पिशवींत एक नवी ट्यूब, टायर उतरविण्याच्या दोन पट्ट्या, ठिगळांची डबी आणि छोटा पंप आला. वडिलांनीं एकच अट घातली: अंधार पडल्यावर पंक्चर झालें तर दुरुस्तीच्या भानगडींत न पडतां, जवळच्या उजेडाच्या दुकानाशीं उभें राहून आधीं घरीं फोन करावयाचा. अट रास्त होती. जूनपासून मुलगी पुन्हां सायकलीनें येऊं लागली.

आतां आमची फजिती. गेल्या डिसेंबरांत एका रविवारीं पहाटे आम्ही चौदा विद्यार्थ्यांस घेऊन हडपसर ओलांडून दिवे घाट चढून सासवडास निघालों. घाटमाथ्यापुढें आमचेंच मागचें चाक बसलें. विद्यार्थ्यांस धडा घालून देण्याची चांगली संधि आली, असें मानून आम्हीं मोठ्या ऐटीनें टायर उतरविला, नवी ट्यूब घातली, हवा भरली व निघालों. तीनशें पावलांवर चाक पुन्हां बसलें. मुलें गप्प होतीं. कांहींजण दुसरीकडे पाहत होतीं. तेव्हां ती मुलगी पुढें आली आणि म्हणाली, "सर, आंतून हात फिरवून पाहिला होता का?" नव्हता. व्हरांड्यांत दर वेळीं आम्हीच सांगत होतों कीं जुनी ट्यूब काढल्यावर नवी घालण्यापूर्वीं टायराच्या आंतून बोट फिरवावें, आणि तेंही सावकाश, नाहीं तर बोट कापतें. तिनें रुमाल बोटास गुंडाळून टायर आंतून चांचपला. बाहेरून दिसत नव्हता, पण आंत तांदुळाच्या दाण्याएवढा बाभळीच्या कांट्याचा शेंडा उभा होता. तो तिनें नखांनीं ओढून काढला, आमच्या तळहातावर ठेवला, आणि आपल्या पिशवींतली ट्यूब आम्हांस दिली. परत आल्यावर आम्हीं ती तिला नवी घेऊन दिली. शेंडा अजून आमच्या मेजाच्या खणांत आहे.

शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारीं सकाळीं आठ वाजतां व्हरांड्यांत टायरांची तपासणी ठेवली आहे. पालकांनींही आपल्या सायकली आणाव्यात. शिकण्यासाठीं प्रत्येकानें एक जुनी ट्यूब घरून आणावी. शाळेजवळ आहेत त्यांवर आतां नवें ठिगळ लावावयास जागा उरलेली नाहीं.